सव्वा लाखाचा कोच घेण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा: “वय 38, पिंपळे सौदागरला राहतो. आयटीत 15 वर्षं झाली, सध्या टेस्ट मॅनेजर. दोन वर्षं हाइक नावापुरती, टीम 22 वरून 9 वर आली. पुढे काय करायचं ते सुचत नाही. एका करिअर कोचच्या फ्री ‘क्लॅरिटी कॉल’ला बसलो, 45 मिनिटं छान बोलले. 6 महिन्यांत 12 सत्रं, फी 1,20,000 अधिक जीएसटी. रविवारपर्यंत भरले तर 20 टक्के सूट, नो-कॉस्ट ईएमआयही आहे. बायको म्हणते, बोलायला माणूस हवं असेल तर मी आहे की. चांगला कोच ओळखायचा कसा? आणि मुळात घ्यावा का?”

तुमच्या बायकोपासून सुरुवात करते, कारण तिचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. मीही करिअर कोचच आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना खरोखर फक्त बोलायला माणूस हवं असतं. पण तुमच्या या प्रश्नात तिची एक अडचण आहे, आणि त्यात तिचा काही दोष नाही. तुम्ही नोकरी सोडलीत तर घराचा हप्ता तिच्या पगारातून जाणार. बंगळुरूला गेलात तर इथली शाळा, आजारपणं, सोसायटीचा पाण्याचा टँकर सगळं तिच्या गळ्यात. तुमच्या प्रत्येक उत्तराची झळ तिला लागते. त्यामुळे ती कितीही समजूतदार असली तरी तुमचं ऐकताना मनातल्या मनात तिचा हिशेब चालूच राहणार, आणि तो चालायलाच हवा. मॅनेजरचंही तेच. तुम्ही राहावं की जावं यात त्याचं काहीतरी गुंतलेलं आहे. रिक्रूटरला पैसे कंपनी देते, तेही तुम्ही हललात तरच. आईवडिलांना तुम्ही ‘सेटल’ असणं प्रिय, ते तरी काय करणार.

कोचला पैसे द्यायचे ते एवढ्यासाठीच. तुम्ही राहिलात काय किंवा सोडलीत काय, ज्याचं त्यात काही जात नाही असा एक जाणता माणूस तासभर समोर बसावा, आणि त्याने तुमचं ऐकावं. मी 9 वर्षं या धंद्यात आहे. त्याआधी 22 वर्षं भोसरी-चाकण पट्ट्यात एचआरमध्ये काढली, तिथे मी बरोबर उलट्या बाजूला बसायचे. समोरच्याशी करिअरबद्दल आपुलकीने बोलायचे आणि डोक्यात असायचा त्या तिमाहीचा ॲट्रिशनचा, म्हणजे किती जण सोडून गेले त्याचा, आकडा. त्यामुळे सांगते, कोच बघताना सर्टिफिकेट, फॉलोअर्स, सूट-बूट सगळं नंतर. आधी एवढंच हुंगायचं की याचं हित कुठे बांधलेलं आहे.

आता तुमच्या समोरचा प्रस्ताव त्या नजरेने बघू. 1,20,000 वर 18 टक्के जीएसटी धरला की 1,41,600 होतात, म्हणजे सत्राला 11,800. सूट धरली तर 96,000 वर कर, एकूण 1,13,280, सत्राला 9,440. माझ्या पाहण्यात पुण्या-मुंबईत सत्राला तीन हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत सगळे भाव चालतात, तेव्हा नुसती फी जास्त म्हणून माणूस वाईट असं मी म्हणणार नाही. (जीएसटी लावत असतील तर नंबर मागून घ्या आणि पोर्टलवर तपासा. वर्षाला 20 लाखांच्या आत उलाढाल असलेल्या सेवा देणाऱ्याला सहसा नोंदणी सक्तीची नसते, त्यामुळे नंबर नसणं हा गुन्हा नाही. नंबर नसताना कर लावणं मात्र आहे.)

मला खटकतं ते वेगळंच. समजा, तुमचा गुंता तिसऱ्या सत्रात सुटला. सुटतो, बऱ्याचदा सुटतो. मग उरलेल्या नऊ सत्रांचं काय? पैसे आधीच गेलेले असले की कोचला तुम्हाला लवकर मोकळं करण्यात काही रस उरत नाही, आणि तुम्हालाही ‘भरलेत तर वसूल करू’ वाटत राहतं. दोघं मिळून मग प्रश्न शोधत बसता. मी स्वतः तीन-तीन सत्रांचे पैसे घेते. तिसऱ्याच्या शेवटी दहा मिनिटं एवढंच बोलायचं की पुढे भेटायची गरज आहे का. असं करणारे इतरही बरेच आहेत, शोधले तर सापडतात.

आणि तो रविवार. सहा महिने एकमेकांबरोबर काम करायचं आहे म्हणणाऱ्या माणसाला तुम्ही चार दिवस विचार केलेला का चालत नाही? ही मोफत कॉलची पद्धत मला आतून माहीत आहे, कारण ती मी पैसे मोजून शिकले आहे. एका हॉटेलच्या हॉलमध्ये दोन दिवसांचं शिबिर होतं, ‘कोचिंगचा व्यवसाय वाढवा’ असल्या नावाचं. तिथे कॉलचा साचाच दिला होता. आधी त्रास विचारायचा. मग, “हे किती वर्षं चाललंय?” मग, “आणखी पाच वर्षं असंच चाललं तर?” इथे गप्प बसायचं, समोरचा बोलेपर्यंत. मग, “एक ते दहामध्ये तुम्ही किती सिरियस आहात?” आकडा आठच्या वर आला की किंमत सांगायची आणि लगेच मुदत. आवळा देऊन कोहळा काढायची पद्धत जुनीच, फक्त आता तिला ‘फनेल’ म्हणतात. परत आल्यावर मी हा साचा दोन जणांवर वापरला. दोघांनी पैसे भरले. दुसऱ्याचे पैसे खात्यात आले त्या रात्री मला झोप नीट लागली नाही, आणि ते प्रकरण तिथेच संपवलं. तुमचा कॉल आठवून बघा, याच पायऱ्यांनी चढला होता का. शिवाय कॉलवर बोललेला माणूसच तुमची सत्रं घेणार आहे ना, हे विचारलंत का? पुष्कळ ठिकाणी कॉलवर बसतो तो कमिशनवरचा ‘क्लोजर’, म्हणजे सौदा पक्का करणारा, आणि पुढे सत्र घेणारा तिसराच कोणीतरी.

ईएमआयबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. नो-कॉस्ट ईएमआय म्हणजे कोच तुम्हाला हप्ते पाडून देतोय असं नाही. बहुतेक वेळा एखादी वित्त कंपनी तुमच्या नावावर कर्ज काढते, पैसे कोचला एकरकमी मिळतात, तुम्ही वित्त कंपनीला फेडत बसता. चौथ्या सत्रानंतर कोचने फोन उचलणं बंद केलं तरी हप्ता चालू, आणि थांबवलात तर तुमचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, खराब. घराचं कर्ज डोक्यावर असताना हे परवडत नाही. चुकून फॉर्म भरून झालाच असेल तर कर्जाचं ‘की फॅक्ट स्टेटमेंट’, म्हणजे अटींचा गोषवारा, काढा आणि त्यात ‘कूलिंग ऑफ’ची मुदत बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार डिजिटल कर्ज देणाऱ्याने ती द्यावी लागते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज देऊन दंडाशिवाय बाहेर पडता येतं.

आता सर्टिफिकेट. आपल्याकडे कोचिंगला परवाना लागत नाही. डॉक्टरला लागतो, वकिलाला लागतो, कोचला नाही. उद्या सकाळी तुम्ही लिंक्डइनवर ‘लाइफ कोच’ लिहिलंत तर कोणी विचारायला येणार नाही. म्हणून निदान काहीतरी मोजमाप हवं तर आयसीएफकडे बघतात, म्हणजे इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन. अमेरिकेत 1995 मध्ये सुरू झालेली ही कोच लोकांची संघटना. तिच्या तीन पायऱ्या आहेत. एसीसीला किमान 60 तासांचं शिक्षण आणि 100 तास प्रत्यक्ष कोचिंग, पीसीसीला 125 आणि 500, एमसीसीला 200 आणि 2,500. दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. याशिवाय युरोपातली ईएमसीसी ही अशीच संघटना आहे, तिचे लोक आपल्याकडे कमी भेटतात.

इथे शब्दांचे खेळ फार चालतात. “आयसीएफ-मान्यताप्राप्त कोर्स केला आहे” याचा अर्थ कोर्सला मान्यता आहे, माणसाला नव्हे. “आयसीएफ मेंबर” म्हणजे वर्गणी भरलेला सभासद. “आयसीएफ सर्टिफाइड” हा तर सगळ्यात मोघम शब्द, त्यामागे काहीही असू शकतं. सरळ विचारायचं, एसीसी, पीसीसी की एमसीसी? आणि आयसीएफच्या संकेतस्थळावरच्या यादीत नाव घालून बघायचं. दोन मिनिटांचं काम आहे. खरा माणूस याने दुखावत नाही. उलट कोणी तपासलं की मला बरं वाटतं, एवढे तास घातलेत ते कोणाच्या तरी कामी येतात.

पण तासांचं एक सांगायला हवं, त्यात माझी मान खाली जाते. पीसीसीसाठी मला 500 तास पुरे करायचे होते आणि मी 430 च्या आसपास अडकले होते. तेव्हा नोकरी गेलेला एक इंजिनिअर माझ्याकडे येत होता, पन्नाशीच्या अलीकडचा. तिसऱ्या सत्रात तो सहज बोलून गेला, रोज पहाटे तीनला जाग येते, जेवण जात नाही, पँट ढिली झाली आहे. मी ऐकलं. वहीत लिहूनसुद्धा घेतलं. आणि मग काय केलं तर त्याला पुढच्या आठवड्याचं टार्गेट दिलं, पाच जणांना फोन करा, रेझ्युमे सुधारा. चौथं सत्र झालं, पाचवं झालं. प्रत्येकाचा एक-एक तास माझ्या तक्त्यात जमा. मग तो यायचा थांबला. चार महिन्यांनी मेसेज आला की मानसोपचारतज्ज्ञांकडे उपचार चालू आहेत, गोळ्या आहेत, आता झोप लागते. आणि खाली एक ओळ, “मॅडम, तुम्ही तेव्हा ऐकलं होतं ना?”

ते वाक्य मी अजून विसरले नाही. त्याला तिसऱ्या सत्रातच सांगायला हवं होतं की हे माझं काम नाही, आधी डॉक्टर. मी सांगितलं नाही, कारण माझं हित तासांना बांधलेलं होतं. तेव्हा पीसीसी हा शिक्का माझ्यावरही आहे, आणि तो कसा पुरा झाला हेही मला माहीत आहे.

म्हणून कोचला विचारायचा माझा आवडता प्रश्न हा: “तुम्ही शेवटचं कोणाला ‘माझ्याकडे येऊ नका’ म्हणालात, आणि का?” उत्तर द्यायला थोडा वेळ लागला तरी चालेल. नाव न सांगता एखादा प्रसंग सांगता आला पाहिजे. “असं कधी झालंच नाही, माझ्याकडे सगळ्यांचा रिझल्ट येतो” असं उत्तर आलं तर चहा संपवून उठा.

याच ओघात तुम्हालाही विचारून ठेवते, झोप कशी आहे? सुचत नाही म्हणता ते फक्त नोकरीचं सुचत नाही, की सकाळी काय भाजी आणायची तेही सुचत नाही? दुसरं असेल आणि काही आठवडे तसंच चाललं असेल तर करिअर कोच हा चुकीचा पत्ता आहे. मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बघा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तिथेही तपासता येतं. सुरुवात म्हणून टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

बरं, मराठीत बोलण्यावरून. ही गोष्ट कोणी चेकलिस्टमध्ये लिहीत नाही, पण माझ्या मते ती फीपेक्षा मोठी आहे. तुमच्यासारखी आयटीतली माणसं समोर बसली की पहिली वीस मिनिटं इंग्रजीत बोलतात. “आय ॲम एक्सप्लोरिंग ऑप्शन्स.” “आय वाँट टू मूव्ह अप द व्हॅल्यू चेन.” गुळगुळीत वाक्यं, वर्षानुवर्षं अप्रेझलच्या फॉर्ममध्ये लिहून घोटलेली. मी थांबते. कधीतरी माणूस पाणी पितो, खिडकीबाहेर बघतो आणि म्हणतो, “खरं सांगू का, सोमवारी तिथे जावंसंच वाटत नाही.” काम तिथून सुरू होतं. त्या आधीचं सगळं प्रेझेंटेशन असतं. तेव्हा कोच मराठी समजणारा आहे का, आणि मराठीत घसरायची तुम्हाला मुभा आहे का, हे बघा. गुरुग्रामचा कोच उत्तम असू शकतो, पण ‘जीव रमत नाही’ हे त्याला भाषांतर करून सांगावं लागलं की त्यातला जीव जातो.

चांगलं सत्र कसं असतं ते एक उदाहरण देऊन सांगते. त्या बाईंची परवानगी घेतलेली आहे आणि ओळखू येईल असं सगळं बदललं आहे. सरकारी बँकेत स्केल टू, म्हणजे दुसऱ्या श्रेणीच्या, अधिकारी. तीन वर्षं प्रमोशनचा फॉर्म भरला नव्हता. आल्या त्याच असं म्हणत, “माझ्यात ॲम्बिशनच नाही, ती कशी आणायची ते शिकवा.” मी म्हटलं, फॉर्म उघडता तरी का? म्हणाल्या, दर वर्षी उघडते, सगळा भरते, सबमिट करत नाही. म्हणजे ॲम्बिशन नाही असं तर नव्हतं. मी विचारलं, “प्रमोशन नको आहे, की बदली नको आहे?” स्केल थ्री झालं की राज्याबाहेर जावं लागणार हे त्यांना ठाऊक होतं. बराच वेळ गप्प. मग, “बदली नको. सासूबाईंचं डायलिसिस असतं आठवड्यातून तीनदा, मीच नेते.” आणखी थोडा वेळ गेला. “म्हणजे… तुझ्याच्याने नेणं होईल का, असं मी ह्यांना कधी विचारलंच नाही.”

एवढंच. पन्नास मिनिटांत मी फार तर बारा वाक्यं बोलले असेन. ‘माझ्यात काहीतरी कमी आहे’ घेऊन आलेली बाई ‘घरी एक गोष्ट विचारायची आहे’ घेऊन गेली. पुढे त्यांनी फॉर्म भरला की नाही ते सांगत नाही. मला तेव्हाही ते भरावं किंवा भरू नये असं काही वाटत नव्हतं, आणि नेमकं त्याचेच पैसे त्यांनी मला दिले होते.

तुमच्या 45 मिनिटांच्या कॉलमध्ये कोण किती बोललं ते आठवा. “छान बोलले” असं तुम्हीच लिहिलंय. ते छान बोलले, की तुम्ही?

हापूसची पेटी घेताना आपण एक आंबा कापून बघायला मागतो. तसं एक सत्र पैसे देऊन घ्या. मोफत नको, मोफत सत्रात कोच स्वतःला विकत असतो. एका सत्राची रीतसर फी द्या, खरा प्रश्न मांडा आणि घरी जाताना बघा की प्रश्न जसाच्या तसा आहे, की थोडा हलला. हलला असेल तर माणूस कामाचा. नुसता ‘मोटिव्हेटेड’ वाटत असाल तर दोन दिवस थांबा, ते उतरतं. दोन-तीन कोचकडे असं करायला वीस-तीस हजार जातील. सव्वा लाख अंधारात टाकण्यापेक्षा स्वस्त.

काही कोच सत्रात मधूनमधून दुसरंच काही विकतात. अमक्याकडून रेझ्युमे करून घ्या, तमका कोर्स लावा. त्यात वाईट काही नाही, पण कमिशन मिळतं का हे विचारा. आयसीएफच्या आचारसंहितेप्रमाणे ते कोचने आपणहून सांगायचं असतं. नोकरी ‘लावून देतो’ म्हणून तुमच्याकडून पैसे मागणारा कोच नव्हेच, त्याच्या नादाला लागू नका. बोटांचे ठसे घेऊन करिअर सांगणारी डीएमआयटी नावाची चाचणी सध्या मुलांसाठी गल्लोगल्ली विकली जाते, कुठे कुठे मोठ्यांनाही. तिला शास्त्रीय आधार नाही. मुलांच्या दहावीनंतरच्या कलचाचणीसाठी पुण्यात ज्ञान प्रबोधिनी आहे, ठाण्याला आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, तिथे रीतसर मानसशास्त्रीय चाचण्या होतात. तुम्हाला 38 व्या वर्षी कलचाचणीची गरज मला दिसत नाही. 15 वर्षांच्या कामाने तुमचा कल बराचसा दाखवला आहे, तो वाचायचा आहे फक्त.

कंपनी कोच देत असेल तर तो फुकट म्हणून सोडू नका, पण डोळे उघडे ठेवून जा. तिथे करार तिघांचा असतो: तुम्ही, कोच आणि कंपनी. पहिल्याच भेटीत विचारायचं, एचआरला काय कळवणार? ‘किती सत्रं झाली’ एवढं कळवणं ठीक. ‘प्रगती’ कळवणार असतील तर नोकरी सोडायचा विचार त्या खोलीत काढू नका. एचआरमध्ये असताना असे अहवाल माझ्या टेबलावर यायचे. मी वाचायचे.

आता थोडं तुमच्या प्रश्नाच्या पोटात शिरते. टीम 22 वरून 9 वर आली म्हणता. गेल्या दीड-दोन वर्षांत माझ्याकडे टेस्टिंगमधली बरीच माणसं येऊन गेली, सगळ्यांची गोष्ट साधारण अशीच. मॅन्युअल टेस्टिंग आटतंय, ऑटोमेशन डेव्हलपरच्याच हातात चाललंय, आणि ‘माणसं सांभाळणं’ हेच ज्याचं काम झालं होतं त्याच्याकडे सांभाळायला माणसं उरली नाहीत. यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या आहेत. एक, बाहेर काय आहे हे तुम्हाला माहीत नाही. दोन, तुम्हाला काय हवं हे तुम्हाला माहीत नाही. कोच दुसरीसाठी. पहिलीसाठी कोचला पैसे देणं म्हणजे निव्वळ आतबट्ट्याचा व्यवहार, कारण ती माहिती त्याच्याकडेही सहसा ऐकीवच असते.

पहिलीसाठी तीन चहा पुरतात. टेस्टिंग सोडून प्रॉडक्टकडे गेलेला एक, ऑटोमेशन नव्याने शिकून परत हाताने काम करू लागलेला एक, आणि कंपनीच सोडून परदेशी कंपनीच्या इथल्या सेंटरमध्ये गेलेला एक. कॉलेजचे, जुन्या प्रोजेक्टमधले, लिंक्डइनवरचे, कोणीही चालतील. त्यांना “माझ्यासाठी काही आहे का” विचारायचं नाही, त्याने माणूस आखडतो. विचारायचं: काल सकाळी दहा ते एक तू काय केलंस? पगार किती खाली आला, किती दिवसांनी वर गेला? नोटिस पिरियडचे 90 दिवस कसे निभावलेस? परत करायचं झालं तर आधी काय शिकशील? बालेवाडी असो की हिंजवडी, चहाचे शंभर-दीडशे रुपये होतील. माझ्या अनुभवात तीन चहांनंतर निम्मे लोक कोचकडे येतच नाहीत. उरलेले येतात ते नेमका प्रश्न घेऊन येतात, आणि त्यांचं काम पटकन होतं.

कोचला तुमचं क्षेत्र माहीत हवं का, हे तुम्ही विचारलं नाहीत पण सगळे विचारतात. मला स्वतःला टेस्टिंगमधलं ओ की ठो कळत नाही आणि मी ते पहिल्याच वाक्यात सांगते. क्षेत्रातला जाणता हवा असेल तर तो मेंटॉर, तुमच्या लाइनमधला दहा वर्षं पुढचा माणूस, आणि बऱ्याचदा तो पैसेही घेत नाही. पण ‘करिअर कोच’ म्हणवणाऱ्याला नोटिस पिरियड, व्हेरिएबल (पगाराचा बदलता भाग), गॅप असलेला रेझ्युमे, चाळिशीच्या आसपास इंटरव्ह्यूत काय विचारतात, एवढं तरी माहीत असावं. आणि जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणता यावं.

सगळं जुळलं तर लेखी घ्या. सत्रं किती, किती मिनिटांची, ऐनवेळी रद्द केलं तर काय, मध्येच थांबलो तर उरलेले पैसे किती दिवसांत परत, तुमचं बोलणं रेकॉर्ड होतं का आणि झालं तर ते कोण ऐकतं. साध्या ईमेलवर असलं तरी चालतं. पैसे घेऊन सेवा दिली नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 कोचलाही लागू होतो. 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. लेखी असलं की निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

राहता राहिला रविवार. त्या कोचना मी ओळखत नाही, माणूस चांगलाही असेल, धंद्याचा साचा तेवढा उसना घेतला असेल. शनिवारी हा मेसेज पाठवा, हवा तसा बदलून घ्या:

“नमस्कार. तुमच्याबरोबर काम करायची इच्छा आहे, पण 12 सत्रांचं आत्ता ठरवता येत नाही. एका सत्राची पूर्ण फी देऊन सुरुवात करू शकतो का? ते सत्र तुम्ही स्वतःच घ्याल ना? तुमची आयसीएफची पायरी कोणती आणि यादीत नाव कोणत्या नावाने आहे, कृपया कळवा. सूट गेली तरी हरकत नाही.”

शेवटचं वाक्य काढू नका. त्यावर काय उत्तर येतं ते घरी बायकोला वाचून दाखवा. तिला यातलं माझ्याइतकंच कळेल.